ब्याण्णव अंश

मुरूडच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण आहे. खाऱ्या हवेनं गंजलेले मदरबोर्ड टूथब्रशनं घासतो, तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडतो आणि प्रत्येकाला बजावतो, "स्पीड वाढवायचा न्हाय. हळू चालंल, पण टिकंल." त्याच्या या सबुरीचा मला राग यायचा.

काल गेलो तर तो दुकान कायमचं आवरत होता. टेबलावर फक्त त्याचा स्वतःचा जुना कॉम्प्युटर चालू होता, स्पीड शेवटपर्यंत वाढवलेला. तापमानाचा आकडा ब्याण्णववर गेला, धोक्याची शिट्टी वाजू लागली. त्यानं ती बंद केली.

"अहो, जळेल!"

"व्हय. इतकी वर्षं हळूच चालवला. टिकून काय झालं?"

मग कॉम्प्युटरवर रोखलेला टेबलफॅन त्यानं माझ्याकडे वळवला. "बसा. उकडत असंल तुम्हाला."