इतवारी उस्तादाची माशी

इतवारी मडावी मूळचा मुलचेऱ्याकडच्या जंगलगावचा. गडचिरोलीजवळच्या एका पोलीस कॅम्पात तो वीस वर्षं पोरांना बंदूक शिकवत होता, म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणत. रायफलीच्या नळीच्या टोकावरची लोखंडी माशी मागच्या खाचेत नीट बसवायची, श्वास रोखायचा, घोडा दाबायचा. एवढंच त्याचं शास्त्र. "माशी बसली का गोळी बसली," असं तो म्हणे.

दोन हजार नऊ साली रायफलींवर नव्या काचा आल्या. माचिसच्या डबीएवढी चौकट आणि काचेत लाल ठिपका. ठिपका निशाण्यावर ठेवा, झालं काम! जुनी माशी त्याच काचेतून दिसायची, पण तिच्याकडे बघतो कोण? उलट पोरं उस्तादालाच चिडवू लागली, "उस्ताद, तुमची माशी आता भातावर बसवा."

ते इतवारीच्या जिव्हारी लागलं. महिन्याच्या सरावाला निघण्याआधी त्याने सगळ्या काचांमधले सेल काढले, खिशात टाकले आणि साळसूदपणे मैदानात जाऊन उभा राहिला.

पोरं आडवी झाली. कोणी काच पुसतंय, कोणी बटण दाबतंय.

"उस्ताद, ठिपकाच दिसून नाई राह्यला!"

"काऊन रे? भातावर गेला असंल."

त्या शिकाऊ पोरांतच घुग्घुसच्या खाणकामगाराची पोरगी रोशनीही होती. त्याच विझलेल्या काचेतून तिने माशी धरली आणि पाचातल्या चार गोळ्या निशाण्यावर घातल्या.

तेवढ्यात फौजदार धनराजसाहेब आले. "हा कारभार कोणाचा?"

"माहाच, साहेब," इतवारीने खिशातले सेल काढून दाखवले. "जंगलात सेल संपला त हे काय करतीन?"

साहेबांनी हसू दाबलं. "मुद्दा बरोबर हाय, पण खोडीची सजा लागंल. आता तुम्हीच मारा पाच गोळ्या. माशीनं."

इतवारीच्या तोंडचं पाणी पळालं. गेली दोन वर्षं त्याला माशी धुरकट दिसत होती. शिकवणं तोंडाने चाले, गोळी मात्र तो टाळायचा. आता पहिली मातीत गेली. दुसरीही तिच्याच मागे.

रोशनी शेजारी वाकली. "माशी दिसत नाई न तुमाले?"

"हळू बोल, पोरी."

साहेबांची नजर चुकवून तिने त्याने बाजूला ठेवलेल्या सेलांतला एक त्याच्या काचेत बसवला. इतवारीने डोळा लावला. आता जवळचं काही बघायचंच नव्हतं. नजर लांब निशाण्यावर आणि ठिपका तिथे आपसूक हजर. तिन्ही गोळ्या मधोमध!

"आणि पहिल्या दोन?" साहेबांनी विचारलं.

"कसं चुकाचं, ते पोरांले दाखवलं."

तेव्हापासून नियम झाला: आधी ठिपका बंद करून माशीनं पाच, मग ठिपक्यानं पाच. रोशनीने मात्र तोंड बंद ठेवायचे दर रविवारी दोन आलूबोंडे वसूल केले. पाचव्या रविवारी इतवारी नाकावर नवा चष्मा चढवून आला आणि म्हणाला, "आता सांग ज्याले सांगाचं त्याले. आलूबोंडे बंद!"