वारा नव्हता

पिकअपवाल्यानं मला फसवलं; माझी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, हळू ओढीन असा शब्द देऊन त्यानं ती मेसईदच्या हायवेवर उधळली. कतारमध्ये वाळवंटातल्या हिवाळी कॅम्पचे दिवस आले आणि कुठं टायर जळल्याचा वास आला, की आमच्याच तालुक्यातला तो शहाणा आठवतो. उतरवायला सोपा म्हणून जड जनरेटर त्यानं कॅराव्हॅनच्या अगदी मागच्या दाराशी चढवला होता. मी माझ्या गाडीतून मागे होतो. मागच्या वजनानं कॅराव्हॅन डोलायला लागली आणि तिच्या काचेत मला माझ्या स्वयंपाक्याचं तोंड दिसलं. जनरेटर धरायला यानं त्याला गुपचूप आत बसवलं होतं. मी फोन केला, "अरे, हळू घे, आत माणूस आहे." तो हसला, "शेठ, तुम्ही भाव करा, गाडी मला चालवू द्या. दुसरी फेरी मारायचीय, यल्ला, चला लवकर." पुलाच्या उतारावर कॅराव्हॅन वळवळली, यानं घाबरून ब्रेक दाबला आणि ती आडवी झाली. पत्र्याखालून स्वयंपाक्याला ओढून काढताना हा म्हणतो, "वारा लागला, शेठ." समोरच्या पेट्रोल पंपावरचे झेंडे लुळे लोंबत होते. स्वयंपाकी आज गावी काठीवर चालतो आणि हा दर हिवाळ्यात कॅराव्हॅन ओढतो. त्यानं एकदा त्या काठीसमोर उभं राहून सांगावं, वारा कुठं होता?