चौकोनांवर टिक

शुभांगी नेरकर हिच्यावर अन्याय झाला तो एका गुरुवारी, दुपारच्या जेवणाआधी. मस्कतमधल्या तिच्या कंपनीने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि खाबुरा गावातल्या साइटवर आदल्या दिवशी झालेल्या अपघाताचं खापर तिच्या डोक्यावर फोडलं. नोकरी गेली की इथून गाशाच गुंडाळावा लागतो. माबेला भागातल्या तिच्या घरात सामान बांधता बांधता ती कोसळली... ती उठलीच नाही.

मी तिच्याच गाडीतून कामावर जायचो. मी कामगारांसाठी पत्रकं लिहितो, ती वाचून शुभाताई म्हणायची, "यातली उद्गारचिन्हं काढली तर उरतं काय रे? चिंचोके?" ती कागदपत्रांच्या विभागात होती. साइटवर चिनी फिटर आले, धोक्याच्या सूचना चिनीत निघू लागल्या, आणि ही एकाच गोष्टीवरून भांडू लागली: पीडीएफच्या आत फॉन्ट बसवा. नाहीतर आपल्याकडे छान दिसणारी अक्षरं साइटवरच्या कॉम्प्युटरवर रिकामे चौकोन होतात. अपघाताच्या दिवशी सकाळी, भर मीटिंगमध्ये, विभागाचा साहेब म्हणाला, "फाइल भारी है, मेल नहीं जाती. फॉन्ट निकाल दो." वापरलीत तेवढीच अक्षरं बसवते, फाइल हलकी होईल, दुपारपर्यंत थांबा, असं तिने सांगितलं. "यल्ला, चलो, अभी भेजो!" साहेब म्हणाला. ती नाही म्हणाली. साहेबाने दुसऱ्याकडून फॉन्ट काढवून फाइल पाठवली. ही साइटवर फोन लावत राहिली. कोणी उचलला नाही.

सूचना होती: आधी वाफेचा दाब उतरवा, मगच झडप उघडा. छापून आली चौकोनांची रांग. फोरमनला वाटलं, तपासणीचा तक्ता आहे. त्याने एकेका चौकोनात टिक केली, सही ठोकली, "खलास" म्हणून कागद भिंतीवर लावला. लिऊ नावाच्या फिटरने झडप उघडली. दोन्ही हात भाजले, कोपरापर्यंत. कंपनी म्हणते, टायपिंगची चूक. टायपिंग!

शेवटची भेटली तेव्हा ती खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. म्हणाली, "नोकरी गेली, जाऊ दे. पण लिऊला सांगतील ना रे, त्या बाईने केलं म्हणून... तेवढं मात्र चिनीत नीट छापतील बघ."

त्या मीटिंगमध्ये साहेबाखेरीज तिघे होते. तिघेही मराठी, आणि हे ज्यात छापलंय ती पुरवणी, तिघांनो, तुमच्या घरी येते. शोकसभेला आलात, चहा घेतलात, "फार धीराची होती" म्हणालात. आता धीर तुम्ही दाखवा. 'ती नाही म्हणाली होती' एवढं कंपनीला लिहून द्या, खाली स्वतःचं नाव घाला, आणि त्याची प्रत लिऊला पाठवा. आज.