पालथ्या हातांवरची पोळी

गौरीजेवणाच्या पंगतीत मी दोन्ही तळव्यांनी ताट झाकून बसले होते. थोरल्या जाऊबाई पुरणपोळ्यांचं ताट घेऊन समोर उभ्या राहिल्या. "ताई, खरंच नको. साखर उतरली नाही तर इन्सुलिन सुरू करू म्हणालेत डॉक्टर," मी म्हटलं.

"अगं, गौरीच्या प्रसादानं कुणाची साखर वाढत नाही," म्हणत त्यांनी पोळी माझ्या पालथ्या हातांवरच ठेवली आणि वर तुपाची धार सोडली. गरम तूप बोटांच्या फटींतून ताटात उतरलं. पंगत हसली. "आता म्हण नको," दीर म्हणाले.

मला संताप आला. अडीच महिने मी फ्रीजवर लावलेल्या यादीप्रमाणे जेवते आहे; भाकरी अर्धी, भात बंद, गोड बंद. या माणसांचं माझ्यावर प्रेम आहे, पण माझं ऐकून घेण्याइतकं नाही. आणि दोष एकट्या त्यांचा तरी कुठे? वाढायला आलं की आधी दोनदा नको म्हणावं आणि मग घ्यावं, असंच आम्हाला शिकवलं. इतकी वर्षं सभ्यपणासाठी खोटं 'नको' म्हणत आलो, आता खरं 'नको' कुणाला ओळखूच येत नाही. मीही कितीजणांच्या हातांवर अशाच पोळ्या वाढल्या आहेत.

मी पोळी उचलून ताईंच्या हातातल्या ताटात परत ठेवली. या वेळी कुणी हसलं नाही. उठून हात धुतले, परत येऊन बसले आणि कोशिंबीर मागितली. ताईंनी एकच चमचा वाढली. मी आणखी एक मागितला.