भोंग्याची हळू हाक

नव्या न्यायाधीशबाईंची आणि भोंग्याची पहिली भेट टेबलाखाली झाली. म्हणजे टेबलाखाली बाई होत्या. भोंगा म्हणजे कोर्टात पुकारा करणारा शिपाई; त्याने पहिल्या खटल्याची हाक दिली मात्र, युद्ध पुन्हा पेटलं असं समजून बाई, दोन वकील आणि एक अट्टल दरोडेखोर एकमेकांना घट्ट धरून बसले. समोरच्या ठार बहिऱ्या न्हाव्याचाही म्हणे वस्तरा सटकला.

पुढे शांतता करार झाला तेव्हा डोंगरवाले आणि खोरेवाले दमले होते, निवळले नव्हते. करारात जमीन वाटली, पोलीस वाटले आणि शेवटी कोर्टही चिरलं. मधोमध भिंत, दोन दारं, दोन कायदे. लग्न झालेली बाई नवऱ्याच्या जमातीची, असं एक कलम होतं. एका बाजूचा पुकारा दुसऱ्या बाजूला ऐकू गेला तर करारभंग, असंही एक. ते खास आपल्या नवऱ्यासाठीच घातलंय, अशी भोंग्याची बायको चेष्टा करी आणि भोंगा मिशीतल्या मिशीत फुलून येई.

भोंगा खोरेवाला. एकुलती एक लेक युद्धाआधी डोंगरवाल्यांत दिलेली. जावई वारला तशी सासरच्यांनी तिचं तान्हं ठेवून घेतलं आणि तिला हाकललं. पोर परत मिळावं म्हणून तिने माहेरच्या कोर्टात दावा लावला. तारखेला दारावरच्या शिपायाने तिला अडवलं. लग्न तिकडे झालंय ना, मग दारही तिकडचंच. ती बिचारी भिंतीपलीकडच्या पायरीवर जाऊन बसली. बापाला ती खिडकीतून दिसत होती.

तीन हाकांत पक्षकाराची ओ आली नाही तर दावा रद्द; ओ मात्र कुठूनही चाले. बाई चष्म्यावरून म्हणाल्या, "बेताने हं. करार मोडला तर मला तुम्हाला घरी बसवावं लागेल."

भोंग्याने लेकीचं नाव तीनदा पुकारलं, आजाऱ्याला औषधासाठी उठवावं इतक्या हळू.

संध्याकाळी लेक फाटकापाशी भेटली. "बाबा, माझं नाव कधी घेणार?"

"घेतलं गं. तीनदा."

"मला तळ्यावरून जेवायला बोलवायचात तेव्हा अख्खी आळी हात धुऊन यायची."

"तेव्हा करार नव्हता," भोंगा म्हणाला.

पोर डोंगरवाल्यांकडेच राहिलं. भोंगा पूर्ण पेन्शन घेऊन निवृत्त झाला.