शेजारणीच्या आईचं ताट

झेंडूचा वास आला की मला अमेरिकेतल्या फ्रीमाँटमधली मेक्सिकन शेजारीण आठवते. नव्वदच्या दशकातला एक नोव्हेंबर होता. तिने दिवाणखान्यात आपल्या गेलेल्या आईचा फोटो मांडला होता. भोवती झेंडू, धूप आणि आईच्या आवडीचं गरम जेवण. "ॲझटेक लोकांपासून चालत आलंय हे. वासाचा माग काढत आज आई माझ्याकडे येणार," ती म्हणाली. माझा नुसता जळफळाट झाला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, तुझ्या आईचं श्राद्ध तुझा भाऊ करतो ना तिकडे?" "करतो. म्हणून तर ती दरवर्षी त्याच्याकडेच जेवते!" आता नोव्हेंबरात मीही झेंडू आणते आणि भरली वांगी करते, वहिनीला कधीच जमली नाहीत तशी.