युवा नेत्याची जुळी बहीण

वाढदिवस होऊन आठवडा झाला तरी मांजरसुंब्याच्या चौकातला माझ्या भावाचा फ्लेक्स उतरला नव्हता. पांढरा शर्ट, गॉगल, जोडलेले हात, वर ठळक अक्षरांत 'युवा नेते, तरुणांचे आशास्थान', आणि खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग. त्या फ्लेक्सखालून तो मला गाडीत घालून बीडला नेत होता, माझी गर्भपिशवी काढायला. आम्ही जुळे आहोत. मी घटकाभर आधी जन्मले म्हणून तो मला ताई म्हणतो. अंतर काय ते एवढंच.

लहानपणी आमचं वय बरोबरीनं वाढलं. मग मला पाळी आली आणि मी एका दिवसात मोठी झाले. तो लहानच राहिला. मी चुलीपुढं भाकरी थापायची, तो विहिरीवर पोहायला जायचा, आणि आई म्हणायची, "खेळू द्या, लेकरू हाय." त्याच लेकराबरोबर जन्मलेली मी, पण दहावीचा निकाल लागायच्या आत मला बघायला पाहुणे आले. तो कॉलेजात गटांगळ्या खात होता तेव्हा मी दोन पोरांची आई होते. त्याच्या लग्नाचा विषय निघाला की घरात एकच उत्तर, अजून कुठं वय झालंय त्याचं. त्याचं वय कोण धरून ठेवत होतं आणि माझं कोण ढकलत होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं, आणि कळतं म्हणून डोकं फिरतं.

गेल्या वर्षी माझ्या अंगावरून फार जायला लागलं. मी घरी ब्लाऊज शिवते. मशीनवरून उठले की डोळ्यांपुढं अंधारी यायची. भावाच्या ओळखीच्या एका डॉक्टरनं सोनोग्राफी केली आणि गोळीचं नावही न काढता सांगितलं, पिशवीला सूज आहे, काढून टाका. आईला तर ते लगेच पटलं. "एक पोरगा, एक पोरगी झाली. आता काय करायची ती पिशवी? कटकट तरी जाईल." नवरा ट्रक घेऊन गुजरातेत होता. तो फोनवर म्हणाला, तुझा भाऊ म्हणतो तसं कर. पिशवी माझी, आणि ती सोडून देताना सगळ्यांचा हात कसा मोकळा!

एकट्या वहिनीनं, त्याच्याच बायकोनं, मला स्वयंपाकघरात दंडाला धरून थांबवलं. तिची पिशवी तिशीच्या आतच काढली होती. आता ती खाली बसली की भिंतीला धरून उठते, थंडीत घामानं भिजते आणि चिडली की सगळे तिलाच हसतात. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, मला कुनी इचारलंच न्हाई. तुमी आदी दुसरीकडं दाखवा."

मी गाडीत भावाला तेच म्हणाले. पाली गाव मागं पडलं होतं.

"कावून घाबरती ताई? ल्योक कॉलेजला गेला तुझा. आता काय वय राह्यलंय का?"

तो हे मायेनं बोलला, आणि त्याचाच मला जास्त राग आला. ओरडला असता तर भांडता आलं असतं.

दवाखान्यात खिडकीपाशी बसलेल्या पोरीनं नाव विचारलं, मग वय विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "बेचाळीस लिवा."

मी त्याच्याकडं वळले. तो माझ्या कानाशी वाकला. "गप बस. चाळिशीच्या आत असलं की पिशवी काढायला वरून सरकारी परवानगी लागती, लई झंझट हाय."

म्हणजे त्यानं सगळी चौकशी करून ठेवली होती. माझं वय आड येत होतं, तर वयच वाढवायचं! त्याच्या स्वतःच्या वयातून इतकी वर्षं त्यानं फ्लेक्सवर झाडून टाकली होती, आणि माझ्या अंगावर मात्र चार वर्षं अशी टाकली, जसं धुणं टाकावं.

"अडतीस लिवा," मी मोठ्यानं म्हणाले. सगळी बाकं ऐकतील इतक्या मोठ्यानं. "आन ह्याचं बी अडतीसच हाय. आमी जुळे हाओत. मांजरसुंब्याला ह्याचा फ्लेक्स लागलाय, युवा नेता म्हनून. हा युवा, तर मी म्हातारी कशी?"

बाकावरचा एक म्हातारा भावाच्या नाकाकडं आणि माझ्या नाकाकडं बघून फिसकन हसला. नाक आमचं एकच आहे. पोरीनं पेन खाली ठेवलं. मी माझे रिपोर्ट छातीशी धरले आणि बाहेर पडले.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "चारचौघांत इज्जत घालवली माझी." त्याला खरंच तेवढंच लागलं होतं. माझ्या पोटात सुरी चालणार होती, हे त्याच्या हिशोबात कुठंच नव्हतं.

पुढं मी एकटीच सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी नीट तपासलं, गोळ्या दिल्या, रक्तवाढीचं औषध दिलं. काही महिन्यांत सगळं आटोक्यात आलं. पिशवी जागेवर आहे. भाऊबीजेला तो आला, ओवाळून घेतलं, पण ताटाकडंच बघत बसला. वहिनी मात्र माझ्याकडं बघत होती. तिच्यासाठी मला कुणाशी भांडता आलं नाही, आणि आता भांडून तिची पिशवी परत येणार नाही.

यंदाही चौकात त्याचा फ्लेक्स लागलाय. यंदाही तो युवाच आहे. ब्लाऊज शिवायला आलेल्या बाया कधी माझं वय विचारतात. मी सांगते, चौकातला तो युवा नेता बघा, त्याच्यापेक्षा घटकाभर जास्त.